कुर्लीचं गाऱ्हाणं

प्लासिद सर म्हणजे शेजारचं कुत्रं भुंकलं तरी आधी आपलंच काय चुकलं ते आठवणारा माणूस. अशा माणसाने चोरीच्या वाटेला जाऊच नये. केलेली तर त्याला पचत नाहीच, पण न केलेलीसुद्धा तोंडावर दिसते. तरी डिसेंबरातल्या त्या शनिवारी दुपारी म्हापशाहून मालवणला निघालेल्या एस.टी.त सर बसले होते, पायाशी थर्माकोलची माशांची पेटी होती, आणि पेटीत, गवताच्या खाली, काजूच्या फेणीची एक बाटली होती. सरहद्दीवरचं नाकं अजून यायचं होतं आणि सरांचं बनियन आत्ताच पाठीला चिकटलं होतं.

पेटीत बाटलीपेक्षा कितीतरी मोलाची वस्तू होती. तिचं नाव कुर्ली. खरं तर तो रोबो होता, मालवणजवळच्या एका खाडीकाठच्या हायस्कुलातल्या तीन पोरांनी पावसाळ्यापासून खपून केलेला. पोट म्हणजे जेवणाच्या डब्याचं झाकण, चाकं खेळण्यातल्या ट्रकची, मोटारी जुन्या टेपरेकॉर्डरमधल्या, आणि पोटाखाली जमिनीकडे बघणारे दोन विजेचे डोळे. पांढऱ्या कागदावर काळी पट्टी चिकटवली की तिने आपणहून ती धरून चालायचं, वळायचं आणि पट्टी संपली की थांबायचं. पहिल्यांदा सोडली तेव्हा ती सरळ जायचं सोडून खेकड्यासारखी आडवी पळाली आणि बाकाखाली शिरली. मग तिला दुसरं काय नाव ठेवणार? कुर्लीच.

तीन पोरं म्हणजे प्रितेश, जोनाथन आणि रिया. प्रितेश टीमचं तोंड, जोनाथन टीमचा स्क्रू-ड्रायव्हर, आणि डोकं म्हणाल तर ते नववीतल्या रियाचं. तिचा बाप शिवा होडी घेऊन समुद्रात जाई आणि आई चंद्रावती बाजारात मासळी विकायला बसे. मुलीला परगावी पाठवायला चंद्रावती आधी तयार नव्हती. शेवटी सर स्वतः तिच्या पाटीसमोर जाऊन उभे राहिले तेव्हा तिने हातातली कोयती खाली ठेवली आणि म्हणाली, "सर, चेडू तुमच्या वांगडा धाडतंय. जसा नेतास तसा हाडून सोडा." जशी नेता तशी परत आणून सोडा, एवढंच तिचं म्हणणं. सरांनी मान हलवली. त्या दिवसापासून ते वाक्य त्यांच्या गळ्यात काट्यासारखं अडकून होतं.

कुर्ली चालवायचा एक रिवाज होता. सुरुवातीला ती काही केल्या पट्टीवर टिकेना, तेव्हा प्रितेशने एकदा थट्टेत देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं. 'बा देवा म्हाराजा' म्हणून राखणदाराला हाक मारली, उरलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून री ओढली, आणि कुर्ली शेवटच्या टोकापर्यंत सुतासारखी सरळ गेली. झालं! त्यानंतर गाऱ्हाण्याशिवाय बटण दाबायची कोणाची छाती होईना. सर विज्ञान शिकवणारे, वर ख्रिस्ती. पण 'व्हय म्हाराजा' म्हणताना त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. गाऱ्हाण्यात देव कोणाचा हे आमच्याकडे कोणी विचारत नाही.

कुडाळच्या एका कॉलेजात रविवारी शाळांच्या रोबोंची स्पर्धा होती. यंत्र आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत जमा करायचं, उशीर झाला तर घेणार नाहीत, असं बजावलेलं. आणि नेमकं चार दिवस आधी कुर्लीचं चाक बाकाच्या पायात अडकलं. चाक अडकलेलं आणि वीज चालू, त्यामुळे मोटारी चालवणारी चिप तापून जळाली. वर्गभर वास सुटला आणि रिया तोंड फिरवून रडली.

म्हणून ही म्हापशाची वारी; परतताना कुडाळला उतरून यंत्र जमा करायचं आणि रात्री तिथेच राहायचं. तिथे सोकोरो टीव्ही दुरुस्त करायचा. तो सरांचा पाद्रीन, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना हातात धरलेला धर्मपिता. सोकोरोने नवी चिप बसवली, पोरांना पोटभर जेवू घातलं, स्वतःच्या हाताने पेटीत गवत भरलं आणि सर नको नको म्हणत असताना त्यात बाटली खुपसली. "पायक दी तुज्या," तो म्हणाला, "फाटीक चोळूंक." सरांच्या बापाची पाठ थंडीत धरते हे खरं होतं. पाद्रीनाचा हात कसा परतवायचा? गोव्याहून रिकाम्या हाताने परत गेलेला माणूस सोकोरोने जन्मात पाहिला नव्हता. आणि शाळेची पेटी कोण उघडून बघणार, असं सरांनी स्वतःला सांगितलं.

सांगितलं खरं, पण चोराच्या मनात चांदणं. सर शिक्षणसेवक होते, येत्या जूनपर्यंत कच्चे. विद्यार्थ्यांबरोबर दारू आणणारा शिक्षक म्हणून एकदा नाव झालं की जून उजाडायलाच नको. आणि दिवस कसले? मुंबईवर हल्ला होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. ते लोक समुद्रातून, मासेमारी होडीतून आले म्हणून किनाऱ्यावरच्या प्रत्येक होडीकडे लोक वाकड्या नजरेने बघू लागले होते. रियाच्या बापाची होडी वरचेवर तपासत. खाकी कपडा दिसला की ती पोर नखं खायची.

गाडी नाक्यावर थांबली.

एक हवालदार चढला, पोक्त, मिशीवाला, इथलाच. मागून बंदूकवाला शिपाई. पूर्वी नुसत्या बाटल्या शोधत, आता सगळंच शोधत होते. हवालदार एकेक पिशवी दाबत सरांच्या बाकापर्यंत आला. 

"पेटी कोणाची?"

"माझी," सर म्हणाले. आवाज उंदरासारखा निघाला.

"काय आसा भितर?"

आता नुसतं 'शाळेचा रोबो' म्हटलं असतं तर? हवालदाराने झाकण उचललं असतं, कुर्ली पाहिली असती, आणि कदाचित गवतात हात घातला असता. त्या 'कदाचित'ने सरांचा घात केला. पेटी माशांची, वासही माशांचा; माशांत कोण हात घालील, असं त्यांच्या घाबरलेल्या डोक्यात आलं आणि ते बोलून गेले,

"मासळी."

हवालदाराने त्यांच्याकडे पाहिलं. मग वर लावलेल्या गाडीच्या पाटीकडे पाहिलं. "खंय चललास?"

घाबरलेल्या सरांनाही पाटीच दिसली; कुडाळला उतरायचं ते विसरून म्हणाले, "मालवण."

"म्हापशाची मासळी मालवणाक?" हवालदार हळूच म्हणाला. "कित्याक? मालवणचो दर्यो आटलो काय?"

गाडीत दोघंतिघं हसले. सर नाही हसले. अख्ख्या किनाऱ्यावर एवढं खुळं खोटं कोणी बोललं नसेल. मालवणच्या माणसाने बाहेरून मासळी आणली हे देवाने येऊन सांगितलं असतं तरी तिथे कोणी मानलं नसतं. रिया, प्रितेश आणि जोनाथन सरांकडे टकमक बघत होती. सर खोटं का बोलले हे पोरांना कळेना.

हवालदार पेटीवर हात टेकून वाकला, आणि त्याच वेळी पेटी गुरगुरली.

आधी हळू, मग जोरात. गुर्रर्र... गुर्रर्र... झाकण थरथरायला लागलं. हवालदार विंचू चावल्यासारखा मागे सरला. "उतरा! सगळी उतरा! पेटयेक हात लावू नका!"

मग काय झालं ते सरांना नीट आठवत नाही. बायका ओरडत होत्या, कोणाचे नारळ पायऱ्यांवरून गडगडत होते, कंडक्टर म्हाताऱ्यांना हाताला धरून उतरवत होता. सरांनी तिन्ही पोरांना पुढे ढकललं. खाली उतरून सगळे रस्त्यापलीकडे काजूंच्या झाडांखाली जमले. एक धीट शिपाई गाडीत शिरला, ती पेटी अंगापासून लांब धरून बाहेर आणली आणि नाक्याच्या मोकळ्या पटांगणात ठेवून पळत मागे आला. उन्हात ती पांढरी पेटी एकटीच गुरगुरत होती.

चौकीतून फौजदार आले. घाटावरचे, तरुण, आवाज शांत. आरडाओरडा करणारा अधिकारी परवडला, हा शांतपणा सरांना जास्त भिववत होता.

"काय आहे त्यात?"

"रोबो आहे, साहेब. मुलांनी केलेला. उद्या कुडाळला स्पर्धा आहे."

"मग हवालदारांना मासळी का सांगितलं?"

सरांनी पेटीकडे पाहिलं. 

"मी साधं विचारतोय, मास्तर. यंत्र आहे तर मासळी का सांगितलं?"

ह्या प्रश्नाला उत्तर एकच होतं, आणि ते बाटलीतून जात होतं. सरांनी घाम पुसला. त्यांच्याकडे फौजदार बघत होते, गर्दीही बघत होती. "तोंडार बघा मरे कसा झाला आसा," कोणीतरी कुजबुजलं. "नाव काय हेचा? आणि ह्या चेडवाचो बापूस होडयेर असता म्हणे." रिया ते ऐकून जोनाथनच्या मागे सरकली. फौजदारांनी मान हलवली आणि शिपायाला म्हणाले, "बॉम्ब-पथकाला फोन लाव. त्यांना यायला रात्र होईल. तोवर कोणी जवळ जायचं नाही. ते लांबूनच फोडतील ती."

फोडतील! रियाने सरांची बाही धरली. 

"सर, चाकां गवतात अडाकली आसत. आयकतास मा आवाज? आता बंद केलां नाय तर चिप परत जळतली. सर, सांगा मा तेंका! सर!"

सरांना सगळं कळत होतं. एक वाक्य बोललं की संपत होतं. 'साहेब, आत एक बाटली आहे, तिला भिऊन खोटं बोललो.' पण ते वाक्य म्हणजे नोकरी. बापाचं तोंड डोळ्यांपुढे आलं, हेडमास्तरांचं आलं. आणखी थोडं थांबू, काहीतरी मार्ग निघेल, असं ते मनाशी म्हणत राहिले. भ्यालेल्या माणसाला हे 'आणखी थोडं' फार गोड लागतं.

रिया थांबली नाही. बाही सुटली एवढंच सरांना जाणवलं, आणि पुढच्या क्षणी ती पोर उन्हातून पेटीकडे धावत होती.

"ए मुली! थांब!" फौजदार ओरडले. शिपायाची बंदूक वर आली.

सर किंचाळले. आयुष्यात कधी न धावलेला तो माणूस हात पसरून, त्या पोरीच्या आणि बंदुकीच्या मधून धावत सुटला. फौजदारांनी शिपायाच्या बंदुकीची नळी हाताने खाली दाबली आणि "कोणी चालवू नका! चालवू नका!" असं ओरडत राहिले. सर पोचले तेव्हा रियाने पेटीची दोरी सोडली होती. गवत बाजूला झालं, तिने बोट घातलं, टक् असा आवाज झाला.

पेटी गप्प झाली. सर गुडघ्यांवर बसले. 

फौजदार सावकाश जवळ आले, वाकून बघू लागले. डब्याचं झाकण, ट्रकची चाकं, लाल-पिवळ्या वायरी. आणि गवत. आता हात घालणार, सरांना वाटलं. फौजदारांनी घातलाच. सगळं गवत उपसून बाहेर काढलं, पेटी उलटी केली.

बाटली नव्हती.

सरांनी पुन्हा पाहिलं. नव्हतीच! जिवात जीव आला. देवा सायबा, तू आहेस, ते मनात म्हणाले. कुठे गेली, कशी गेली, ते विचारायचं भान त्यांना नव्हतं. वाचलो, एवढंच.

"रोबोच दिसतोय," फौजदार म्हणाले. "पण मास्तर, यंत्रासाठी माणूस एवढा घाबरत नाही. आणि मासळीचं उत्तर मला मिळालेलं नाही. सगळ्यांच्या पिशव्या उघडा."

सरांनी आनंदाने आपली पिशवी पुढे केली. आणि मग त्यांना रियाचं तोंड दिसलं. चुन्यासारखं पांढरं झालं होतं.

हवालदाराने तिच्या पिशवीतून शाळेचा गणवेश काढला, आईचा टॉवेल काढला. टॉवेल जड होता. उलगडला. फेणी उन्हात चमकली.

पुढे कळलं ते असं. म्हापशाच्या स्टँडवर सर तिकिटांच्या चौकशीला गेले तेव्हा रियाने एकदा कुर्ली बघून घ्यावी म्हणून पेटी उघडली. बाटली चाकावर रेलली होती. सरांची वस्तू; विचारलं तर सर ओशाळतील. म्हणून तिने ती गुपचूप टॉवेलात गुंडाळून आपल्या पिशवीत घातली आणि घाईघाईत गवत परत कोंबलं. त्या कोंबण्यात बटण ढिलं झालं, गाडीच्या धक्क्यांनी सरकत गेलं आणि हवालदाराने पेटीवर हात टेकला तेव्हा चालू झालं.

"ही कोणाची?" फौजदारांनी विचारलं.

काजूंखालचे सगळे पुढे सरकले. सर आपल्या पिशवीचा बंद आवळत राहिले. 

"माजी," रिया म्हणाली.

"तुझी?"

"बाबांका... पाय चोळूक." ती जमिनीकडे बघत होती. सर जूनपर्यंत कच्चे आहेत हे शाळेतल्या पाचवीच्या पोरालाही ठाऊक होतं.

"मासळीवाल्यांची पोरां ती," मागून एक बाई म्हणाली. "आवस फेणी इकत आसतली, दुसरा काय." एकदोघांनी 'च्च' केलं. फौजदारांनी खिशातून पेन काढलं. "पूर्ण नाव सांग. आईवडिलांना बोलवावं लागेल."

रियाने नाव सांगितलं. फौजदारांनी लिहून घेतलं.

आणि प्लासिद सर गप्प राहिले.

हे लिहिताना बरं वाटत नाही, पण झालं ते असंच झालं. बंदुकीला आडवा गेलेला माणूस पेनाच्या टोकाला भ्याला. धावणं शरीराने करून टाकलं होतं, हे बोलणं मात्र त्यांना स्वतःला करायचं होतं. 'जसा नेतास तसा हाडून सोडा,' चंद्रावतीचे शब्द कानात घुमत होते आणि सर आपल्या चपलांकडे बघत उभे होते.

"आता ते यंत्र चालवून दाखवा," फौजदार म्हणाले. "चाललं, तर फोन रद्द करतो आणि गाडी सोडतो. नाही चाललं तर ते काय आहे हे पथकच सांगेल."

जोनाथनने बरोबर आणलेला पांढरा कागद चौकीच्या ओट्यावर पसरला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि काळी चिकटपट्टी वळणं देत लावली. रियाने कुर्ली टोकाला ठेवली. वायरींना हलका जळका वास येत होता, तो सरांनाही आला. चिप गेली असली तर सगळंच गेलं. रियाचं बोट बटणावर थांबलं आणि तिने प्रितेशकडे पाहिलं.

"गाऱ्हाणां," ती म्हणाली.

प्रितेशने तोंड उघडलं. टीमचं तोंड ते, पण आज त्यातून नुसती हवा आली. बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिन्ही पोरांनी सरांकडे पाहिलं. लोक ओट्याभोवती गोळा झाले होते.

सरांनी डोळे मिटले. हात जोडले. 

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," तीन बारीक आवाज आले.

"ह्या जाग्याचो जो कोण राखणदार असात तो, डोंगराचो असात तो, खाडयेचो असात तो, आणि आमच्या इगर्जेतल्या सायबा, तूय आयक!"

"व्हय म्हाराजा!" आता गर्दीतूनही आवाज आला. गाऱ्हाणं कानावर पडलं की ह्या मुलखातलं तोंड आपोआप उघडतं, आत डोकं काही म्हणत असो.

"ही तुजी लेकरां आज कुर्ली घेवन तुज्या पुढ्यात उभी आसत. पावसापासून तेंनी जीव घातल्यानी. तेंच्या हाताक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्यात ह्यानंतर चुकीमाकीची ओळ येते. 'काय चुकला-माकला असात ता पदरात घे', घाईघाईत म्हणायची आणि पुढे जायचं. कोणी त्या ओळीवर थांबत नाही. सर थांबले.

"आणि काय चुकला असात..." त्यांचा आवाज फुटला. "चुकला ता माजा चुकला, म्हाराजा. ती बाटली माजी. माज्या पाद्रीनान दिली आणि मी घेतलंय. पेटयेत मासळी म्हणान मीच खोटा सांगलंय. चेडवान माका वाचवूक माजा पाप आपल्या माथ्यार घेतला, आणि मी गप रवलंय. मी भियालंय, म्हाराजा! मी भियालंय!"

"व्हय म्हाराजा!" सगळा जमाव एका सुरात गरजला.

गरजून झाल्यावर आपण कशाला होकार दिला ते लोकांच्या ध्यानात आलं. मघाची ती बाई पदर तोंडाला लावून बाजूला बघायला लागली. सरांचे डोळे मिटलेलेच होते.

"तेचा काय असात ता माज्या पदरात घाल, आणि चेडवाक जसा हाडलंय तसा तेच्या आवशीकडे पोचय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी सगळ्यांत मोठा आवाज मिशीवाल्या हवालदाराचा होता.

रियाने बटण दाबलं.

कुर्ली जागची हलली नाही.  मग तिचे डोळे लुकलुकले, अंग थरथरलं आणि ती निघाली. पहिल्या वळणावर थोडी भरकटली, स्वतःच सावरली, दुसरं वळण घेतलं आणि पट्टी संपली तिथे निमूट उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रियाने मात्र टाळी वाजवली नाही. ती सरांकडे बघत रडत होती.

फौजदारांनी मघाचं नाव खोडलं. "मास्तर, पूर्ण नाव?"

"प्लासिद मिंगेल फर्नांडिस."

"शाळेला कळवावं लागेल."

"हो," सर म्हणाले. भीती कुठे गेली नव्हती. पण आता तिच्यापासून लपवायला काही उरलं नव्हतं.

पंचनामा व्हायचा होता म्हणून सरांना थांबावं लागलं. पोरांना घेऊन गाडी पुढे निघाली. कुडाळच्या स्टँडवर प्रितेशची आत्या राधाबाई येणार होती. रात्री तिच्याकडेच राहायचं ठरलेलं होतं. तिच्या हातात पोरं देईन, आधी कॉलेजाशी गाडी थांबवून पेटी पोचवीन, असं कंडक्टरने आपणहून सांगितलं. रिया खिडकीशी बसली होती, पेटी मांडीवर.

"सर, उद्या गाऱ्हाणां कोण घालतलो? प्रितेशाचो आवाज गेलो."

"तू घाल."

"चेडवां घालनत नाय, सर."

"तू घाल. मी जंय असान थंयसून 'व्हय म्हाराजा' म्हणतंय."

गाडी सुटली. चौकीतल्या फोनवर हेडमास्तर म्हणाले, मुलांजवळ फिरकू नका, सोमवारी ऑफिसात भेटा; कुडाळला सकाळी खेळाचे सर जातील. संध्याकाळी सर चंद्रावतीच्या दारात जाऊन उभे राहिले. सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चेडू माजा तुमच्या शाळेत शिकता, सर. काय शिकता ता आज कळला." शाबासकी होती की चपराक, हे सरांना रात्रभर कळलं नाही.

रविवारी सकाळी ते चर्चमध्ये मिसाला गेले. पाठीला फेणी मिळाली नाही म्हणून बाप शेजारी फुरंगटून बसला होता. सोमवारचं ऑफिस समोर होतंच. भिंतीवरच्या घड्याळात स्पर्धेची वेळ झाली. नेमके तेव्हा सगळे गुडघे टेकून मुकाट प्रार्थना करत होते. तिकडे कुडाळात एक पोर ह्या क्षणी हात जोडून उभी असेल, घसा कोरडा, आणि तिची री ओढायला प्रितेश आणि जोनाथन, दोघंच.

"व्हय म्हाराजा!" प्लासिद सर म्हणाले.

अख्ख्या इगर्जेत घुमलं. फादरनी वर पाहिलं, पुढच्या रांगेतल्या बायका वळल्या, बापाने कोपराने ढोसलं.  त्यांनी डोळे मिटले आणि थोडं थांबून, पुढच्या ओळीच्या अंदाजाने, आणखी एकदा तेच म्हटलं.